बटाट्याच्या पुस्तकाची करवली

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत कुणी परदेशी जाऊन आलं, की त्याला खालच्या बाकावर बसवून विचारायची पद्धत आहे. काय पाहिलं, काय खाल्लं, थंडी किती होती. मी आले तेव्हा मलाही बसवलं. पण माझं बोलणं रंगात आलं, की कुणाच्या घरी कुकरची शिट्टी होते, कुणाची शाळेची बस येते. शेवटी म्हटलं, लिहूनच काढावं. वाचताना ज्याला उठायचं त्याने खुशाल उठावं, परत येऊन तिथूनच पुढे वाचता येतं.

माझं शिक्षण अकोल्याकडच्या आमच्या गावात, सातवीपर्यंत. पुढचं सगळं रद्दीतल्या मासिकांवर आणि मुलीच्या पुस्तकांवर. लग्न होऊन पुण्यात आले ती खडकीला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. हे तिथून निवृत्त झाले आणि आम्ही विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला. मुलगी एकच, वैशाली. शेतीचं शिकली आणि मग बटाट्यावर संशोधन करायला नेदरलँडला गेली. तेव्हा सगळ्यांची मुलं कॉम्प्युटरचं शिकून अमेरिकेला निघाली होती, त्यामुळे लोकांना नवल वाटायचं.

"बटाट्यात काय शोधायचंय?" शेजारच्या काकांनी ह्यांना विचारलं.

"सापडलं की कळवू," हे म्हणाले.

दर रविवारी तिचा फोन यायचा. मी विचारायची, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "हो." "जेवलीस का?" "हो." "अभ्यास नीट चाललाय?" "हो, आई." एकदा ह्यांच्या बहिणीने, म्हणजे बिबवेवाडीच्या वन्संनी, एक स्थळ आणलं. मुलगा हिंजवडीला मोठ्या कंपनीत, घर पिंपळे सौदागरला. मी फोनवर विचारलं, "पत्रिका देऊ का?" तर म्हणाली, "हो, तू म्हणशील तसं." आवाज विहिरीतून आल्यासारखा. हे खूश. "आमची मुलगी कधी उलट बोलली नाही," हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. मी पत्रिका दिली नाही. घरात सापडत नाही असं वन्संना सांगितलं.

मग एका रविवारी ती म्हणाली, "आई, माझं पीएचडीचं पुस्तक पूर्ण झालंय. आता सगळ्यांसमोर परीक्षा आहे. तू येशील का?" चार वर्षांत तिने काही मागितलेलं हे पहिलंच. ह्यांच्या गुडघ्यांना विमान झेपणारं नव्हतं. "तू जा," म्हणाले. "मी बटाटे इथेच खातो."

नदीकाठचं गाव

विमानाचं सांगत बसत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. त्या गावाचं नाव उच्चारायचं म्हणजे घसा खाकरावा लागतो. मला ते जमलं नाही, म्हणून मी परत येईपर्यंत त्याला 'आपलं गाव' म्हणत राहिले.

जमीन तव्यासारखी सपाट. टेकडी नाही, चढ नाही. मला पर्वती तर सोडाच, संगम पुलाचा चढसुद्धा आठवून गहिवरल्यासारखं झालं. नदी मात्र रस्त्यापेक्षा उंच. बांध घालून तिला वर धरून ठेवली आहे. आपण खाली चालायचं आणि बांधापलीकडून बोटीचं टोक डोक्यावरून सरकत जायचं. पहिल्या दिवशी मी थांबून बघत राहिले. वैशाली म्हणाली, "आई, सवय होते." मला झाली नाही. रोज थांबायची.

घरांच्या मोठमोठ्या खिडक्यांना पडदे नाहीत. दिवाणखाना रस्त्यावर मांडल्यासारखा. कोण पेपर वाचतंय, कोण भाजी चिरतंय, सगळं दिसतं, पण आत बघायचं नाही अशी रीत. आमच्या सोसायटीत पडदे आहेत आणि सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

तिच्या खोलीवर गेल्यावर मी आधी फ्रिज उघडला. आयांची खोडच असते ती. आत मोहरीच्या चटणीची बाटली, अर्धं लिंबू आणि ब्रेडचे चार तुकडे. रविवारी 'जेवलीस का' म्हटल्यावर जो 'हो' यायचा, तो हा होता. मी पिशवीतून ज्वारीचं पीठ, आमटीचं येसर आणि मेतकूट काढून ओट्यावर मांडलं. ती तिथेच उभी राहून मेतकूट चमच्याने खायला लागली.

बाहेर खायला मला पहिले दोन दिवस अवघड गेलं. दुपारी ब्रेड आणि चीज, आणि मुलं तर ब्रेडवर चॉकलेटचे दाणे पसरून खातात, बडीशेप भुरभुरावी तसे. पण दुकानात एका डब्यावर गायीचं चित्र दिसलं, वैशाली म्हणाली, पिऊन बघ. अहो, ताक. आपलं आंबट, पातळ ताक. त्यात मीठ आणि जिऱ्याची पूड घातल्यावर माझा त्या देशावर विश्वास बसला.

तिची मैत्रीण लोटे, तिच्याच प्रयोगशाळेत काम करणारी, दोन मुलांची आई. तिने आम्हाला घरी बोलावलं. वाटाण्याचं दाट सूप केलं होतं, वास असा की भूक खवळावी. लोटेने विचारलं, घालू का. मी आपल्या रीतीने म्हटलं, "नको, नको." आपल्याकडे तिसऱ्यांदा आग्रह झाला की वाटी पुढे करायची. लोटेने पातेलं घेतलं आणि पुढे गेली. दुसऱ्यांदा विचारलंच नाही. सगळे सूप प्यायले आणि मी पाणी प्यायले. घरी येऊन भाकरी थापताना वैशाली हसत सुटली. खूप दिवसांनी तिला हसताना ऐकलं. "आई, इथे नको म्हणजे नको असतं."

"आणि हो म्हणजे?"

तिचं हसू थांबलं. "हो म्हणजे हो," ती म्हणाली.

बिस्किटाचा डबा

वैशाली ज्यांना सर म्हणते, त्या तिच्या मार्गदर्शकांचं नाव यान. प्रयोगशाळेत झाडूवाल्यापासून सगळे त्यांना 'यान' म्हणतात, तेही एकेरीत. वैशाली चार वर्षं 'सर' म्हणत होती. त्यांनी मला कॉफीला बोलावलं, डबा उघडून एकेक बिस्किट दिलं आणि झाकण घट्ट लावून डबा कपाटात ठेवला. मग ते गंभीर झाले. मला इंग्रजी थोडं समजतं, पण भरभर बोललं की सुटतं. म्हणून वैशाली भाषांतर करत होती. तक्रार तिच्याबद्दलच होती आणि सांगतही तीच होती, एक शब्द न गाळता.

"सर म्हणतात, गेल्या आठवड्यात परीक्षेचा सराव झाला. सगळ्यांनी मला अवघड प्रश्न विचारले. मी एकूण एक प्रश्नाला म्हणाले, तुमचं बरोबर आहे."

यान सर आणखी काही म्हणाले.

"सर म्हणतात, त्यांनी मुद्दाम एक चुकीचा प्रश्नही विचारला. त्यालाही मी म्हणाले, बरोबर आहे."

मी तिच्याकडे बघितलं. ती टेबलाकडे बघत होती.

पुढचं मी तिच्याकडून नीट समजून घेतलं, ते असं. पुस्तक मान्य झालेलं होतं, पदवी बहुतेक मिळणारच होती. पण परीक्षेला बाहेरून एक गृहस्थ येणार होते. जवळच्या एका बटाटा केंद्राचे प्रमुख. वैशालीचं काम पुढे त्या केंद्रात शेतावर करून बघायचं, तिला तिथे नोकरी द्यायची, हे त्यांच्या हातात. आणि त्यांना तिचं म्हणणं पटलेलं नव्हतं. सगळ्यांसमोर तेच प्रश्न विचारणार. तिथेही ही 'तुमचं बरोबर आहे' म्हणाली, तर ते म्हणणार, मग प्रश्नच मिटला. चार वर्षांचं काम तिने स्वतःच्या तोंडाने सोडून दिलं असतं.

"तुझं काही चुकलंय का?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"नाही."

"मग हो का म्हणालीस?"

"एवढे मोठे लोक आहेत, आई. त्यांच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

सायकली दोन्ही बाजूंनी जात होत्या. मला ह्यांचं ते ठरलेलं वाक्य आठवलं आणि पहिल्यांदाच ते ऐकायला नको वाटलं.

बटाट्याचं शेत

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, मला तुझं काम दाखव. ती शेतावर घेऊन गेली. बटाट्याची रोपं गुडघाभर उंच, वरची पानं उन्हात कोरडी खडखडीत. "हात लाव," ती म्हणाली. मग माझा हात धरून खाली नेला, जमिनीलगतच्या पानांपाशी. ती पानं ओली होती. दहा वाजून गेले होते तरी ओली.

"सगळे वरून बघतात," ती म्हणाली. "पाऊस पडला की करपा येणार म्हणून औषध फवारतात. पण करपा आधी इथे बसतो, खालच्या पानावर. पाऊस नसला तरी दवाने. इथे बघितलं तर औषध कमी लागेल. मी हेच मोजलं."

एवढं ती न अडखळता बोलली. चिखलात बसून, वेणी पाठीवर टाकून, हातवारे करून. मी म्हटलं, हेच त्या गृहस्थांना सांगायचं.

"ते म्हणतात, दोनच वर्षांच्या हंगामावरून असं ठामपणे सांगता येत नाही."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली आणि मान हलवली. ती मान हलवते तेव्हा वेणी पाठीवर खालीवर होते. लहानपणापासून तसं. तिच्या तोंडून हो यायच्या आधी वेणी हलते.

त्या दिवसापासून मी मनाशी धरलं, ही वेणी थांबली पाहिजे.

अहो

तिने मला परीक्षेची रीत समजावली. प्रश्न विचारणाऱ्याला नावाने हाक मारायची नाही. त्यांना म्हणायचं, 'अतिविद्वान प्रश्नकर्ते'. प्रत्येक उत्तर तिथूनच सुरू करायचं. काळे झगे, टोप्या, सगळा जुना थाट. एरवी यान यान म्हणणारे हेच लोक त्या दिवशी असे बोलतात.

हे ऐकलं आणि मला एकदम लक्ष्मी रोड आठवला.

मी पुण्यात नवी होते तेव्हाची गोष्ट. माझं बोलणं वऱ्हाडी, 'करून राहिली', 'जाऊन राहिली' असं. साडीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, "बाई, साडी नेसायची आहे की नुसती उलगडून घ्यायची आहे?" मी घाबरले. त्यांनी पुढे टाकली ती मोरपंखी साडी, मला न आवडणारी, 'हो' म्हणून घेऊन आले. अशी काही वर्षं मी नुसत्या 'हो'वर काढली. मग एकदा त्याच दुकानात एक आजी बघितल्या. दुकानदार पंधरा साड्या उलगडून बसले होते. आजी म्हणाल्या, "अहो, आपला माल उत्तम आहे. आपण एवढा वेळ दिलात, आभारी आहे. पण मला यातलं काही नको." आणि चपला घालून बाहेर. दुकानदारांना चिडताही येईना, कारण अहो-आपण सगळं जागच्या जागी होतं.

मी वैशालीला म्हटलं, "अगं, हे तुझे अतिविद्वान म्हणजे आपलं 'अहो' आहे. ते आधी म्हणायचं. मान सगळा तिथे देऊन टाकायचा. मग नाही म्हणायला मोकळी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "पण नाही म्हणायचं कसं, तेच तर येत नाही."

"भाकरीपासून सुरू कर," मी म्हटलं.

तेव्हापासून जेवताना सराव सुरू झाला. मी दुसरी भाकरी वाढायला घ्यायची आणि ती म्हणायची, "अहो आई, आपल्या भाकरीला तोड नाही. पण नको." पहिल्यांदा वेणी हलली आणि भाकरी ताटात पडली. नियमच तो. वेणी हलली की भाकरी खायची. पहिल्या दिवशी बिचारीने तीन भाकऱ्या खाल्ल्या. निदान अंगाला लागलं.

भाकरीवरून बटाट्यावर आलो. मी प्रश्नकर्ते झाले, डोक्याला टॉवेल गुंडाळून. मला विषय काय कळणार, पण पुण्यातला दुकानदार चांगला जमायला लागला होता.

"काय हो, चार वर्षं बटाट्याच्या पानाखाली बघत होतात? घरी बटाटे नव्हते?"

"अहो अतिविद्वान, घरच्या बटाट्याला पानं नसतात."

"दोन हंगाम बघून एवढं जाड पुस्तक? कागद स्वस्त मिळाला का?"

ती हसायला लागली, मग थांबली. विचार करून सावकाश म्हणाली, "अहो अतिविद्वान, आपलं एक बरोबर आहे. करपा नेमका कधी येईल हे सांगायला दोन हंगाम कमी पडतात. पण मी ते सांगतच नाही. तो कुठे आधी बसतो ते मी सांगते. त्याला दोन हंगाम पुरतात, कारण दोन्ही हंगामांत, प्रत्येक शेतात, तो खालीच बसला."

मी टॉवेल काढला. "हे असंच म्हण. इंग्रजीत."

लोटे एकदा मध्येच आली. टॉवेल गुंडाळलेली मी आणि हातात भाकरी घेऊन नाही म्हणणारी वैशाली. वैशालीने तिला सगळं सांगितलं. लोटे म्हणाली, परीक्षेला उमेदवाराच्या मागे दोन माणसं बसवायची रीत आहे, त्याची पाठराखण करायला. एक मी आहे, दुसरी आई का नको? त्या पदाचं नाव लांबलचक आहे. मी त्याला करवली म्हणते. लग्नात नवरीच्या मागे उभी असते तशीच. काही करायचं नसतं, फक्त मागे असायचं.

तो दिवस

सकाळी पाऊस नव्हता, पण वारा असा की साडी फडफडावी. लोटेच्या सायकलला पुढे लाकडी पेटी आहे, तीत ती मुलांना बसवून शाळेत नेते. तीत मला बसवलं. मी नारायणपेठी नेसलेली, अंबाडा घातलेला, मांडीवर पर्स, आणि लोटे मागून पाय मारते आहे. लोक वळून बघत नव्हते, हेच मला विचित्र वाटलं. आपल्याकडे निम्मी वस्ती मागे आली असती.

सभागृहात भिंतीभर म्हाताऱ्या विद्वानांची चित्रं. हातात चांदीच्या घुंगरांची काठी घेतलेली एक बाई आली, तिने काठी जमिनीवर आपटली, सगळे उभे राहिले. मागून काळे झगेवाले ओळीने आले. वैशाली पुढे उभी, तिच्यामागे लोटे आणि मी. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. फक्त पाठ आणि वेणी.

पहिले काही प्रश्न गेले. ती 'अतिविद्वान प्रश्नकर्ते' म्हणत होती, आवाज बारीक होता, पण येत होता. मग ते केंद्राचे प्रमुख पुढे झुकले. पांढऱ्या भुवया, नाकावर चष्मा. फार शांतपणे बोलले. 'टू सीझन्स' एवढं मला कळलं. मग त्यांनी पुस्तक मिटवलं आणि त्यावर हात ठेवला, म्हणजे झालंच, असं.

वैशाली काही बोलेना. लोटेने माझा हात धरला, बहुतेक मीच तिचा धरला असेन. माझी नजर वेणीवर. मनात म्हणत होते, बाई, हलू नकोस. करवलीला तोंड उघडायची परवानगी नसते, नाहीतर तिथेच ओरडले असते की भाकरी वाढते बघ.

वेणी हलली नाही.

"अतिविद्वान प्रश्नकर्ते," ती म्हणाली. मग आभार मानले. मग 'बट' असा एक शब्द आला, स्पष्ट, आणि त्यानंतर ती बोलतच राहिली. हात पसरले, खाली वाकून पान उचलल्यासारखं दाखवलं. शेतात बोलली होती तशी. ते गृहस्थ मध्येच काही म्हणाले, तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा, 'नो', तेही हळुवार, डॉक्टर मुलाला सुई देताना बोलतात तसं. त्यांनी मिटवलेलं पुस्तक परत उघडलं. पान शोधायला लागले.

तेवढ्यात काठीवाली बाई आत आली. घुंगरं वाजली, काठी आपटली, काहीतरी दोन शब्द म्हणाली. मला वाटलं, पोरीला बाहेर काढायला आली. लोटे कानात म्हणाली, "वेळ संपली." रीतच तशी आहे, वाक्य अर्धं राहिलं तरी थांबायचं. वैशालीचं अर्धंच राहिलं. पण तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि मला ते पूर्ण ऐकू आलं.

झगेवाले आत जाऊन आले. तांबड्या नळीत घालून पदवीचा कागद दिला. यान सर तिच्याबद्दल बोलले आणि बोलता बोलता चष्मा पुसला. बिस्किट एकच देणारा माणूस, पण कौतुक मोजून केलं नाही.

मग लोकांची रांग लागली. त्यांची एक फार चांगली पद्धत आहे, जिचं कौतुक तिचं अभिनंदन करतातच, पण तिच्या आईचंही करतात, मैत्रिणीचंही. माझा हात दुखेपर्यंत लोकांनी हलवला. पांढऱ्या भुवयांचे गृहस्थही आले. माझ्याकडे बघून काही म्हणाले. वैशालीने भाषांतर केलं, या वेळी हसत.

"आई, ते म्हणतात, तुमची मुलगी फार नम्रपणे भांडते. आणि मला सोमवारी केंद्रावर यायला सांगितलंय. म्हणाले, राहिलेलं भांडण तिथे करू."

मी त्यांना काय म्हणणार. "अहो, आभारी आहे," म्हटलं. त्यांना कळलं असावं.

संध्याकाळी लोटेकडे तेच सूप होतं. तिने विचारलं, घालू का. मी वाटी पुढे केली.

विश्रांतवाडी

परत येऊन दोन रविवार झाले होते. बिबवेवाडीच्या वन्संना ते पिंपळे सौदागरचं स्थळ अजून सोडवत नव्हतं. मुलगा आता युरोपातही बदली घेईल म्हणत होत्या. मलाही क्षणभर वाटलं, काय वाईट आहे. मी मेथी निवडत होते. फोन वाजला, मी स्पीकरचं बटण दाबलं, हे पेपर घेऊन शेजारीच बसलेले.

"वैशू, ते स्थळ परत आलंय," मी म्हटलं. "चांगलं आहे गं. पत्रिका देऊन टाकू का?"

मग आवाज आला, अगदी समोर बसल्यासारखा.

"अहो आई," ती म्हणाली. "आपण माझी किती काळजी करता. आत्यांचेही आभार. पण नको. आत्ता मला लग्न करायचं नाही."

ह्यांनी पेपर खाली केला. "काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"तुला?"

"मला."

"मग हसतेस काय?"

मला ह्यांना समजावता आलं नाही. मेथीच्या काड्या पदरातून खाली पडल्या, त्या गोळा करत मी विचारलं, "बरं ते राहू दे. जेवलीस का गं?"

"नाही अजून," वैशाली म्हणाली. "फार भूक लागली आहे. तू काय करते आहेस आज?"

मग मी मेथीपासून सगळं सांगितलं.